झडप, एक

लासुर्ण्यात सावळाराम रूपनवरच्या रोपवाटिकेत इसार चालत नाही, नाव चालतं. शेडनेटच्या दाराशी एका खिळ्याला सुतळीनं बांधलेली लांबोडी वही लटकलेली असते. शेतकऱ्यानं यायचं, वहीत नाव, गाव, रोप कोणतं आणि किती ते लिहायचं. रोप द्यायची तारीख सावळाराम स्वतःच्या हातानं टाकणार आणि पुढं सही करणार. एकदा सही झाली की गारपीट होवो नाहीतर वारं सुटो, त्या दिवशी गाडी दाराशी लागली की ट्रे तयार. एका साली मिरचीचे निम्मे ट्रे मर रोग लागून बसले, तर या गृहस्थानं अकलूजला जाऊन दुसऱ्याच्या रोपवाटिकेतून रोपं उचलली, तारीख पाळली आणि गिऱ्हाइकाला त्यातलं अक्षरही सांगितलं नाही. बावीस वर्षांत एक तारीख चुकली नव्हती. याचा त्याला अभिमान होता असं मी म्हणणार नाही. ताठा होता.

आणि हा ताठाच त्याच्या पोरीच्या जिवावर उठला.

पोरगी म्हणजे प्रगती, वय वर्षं वीस, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. रानवांग्याच्या खुंटावर टोमॅटोचा शेंडा बसवायचं कलमाचं काम सगळ्या रोपवाटिकेत तिच्याइतकं कुणाला जमत नसे. ब्लेडनं तिरका काप, वर तसाच काप दिलेला शेंडा, बाहेरून प्लास्टिकची चिमुकली क्लिप. पण आठव्या वर्षी तिला ताप आला होता आणि आज गुडघा, उद्या मनगट असे सांधे सुजत गेले होते. त्याआधी घसा दुखून गेला होता, त्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. त्या तापानं सांधे सोडले, हृदय धरलं. तेव्हापासून दर एकवीस दिवसांनी कमरेत पेनिसिलीनचं इंजेक्शन. बारा वर्षं सावळारामनं तिला स्कूटरवर बसवून वालचंदनगरला नेलं, एकही एकविसावा दिवस चुकवला नाही. तरीही एका जानेवारीत ती शेडनेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईस्तोवर दोनदा थांबायला लागली.

बारामतीच्या डॉक्टर रमाकांतांनी तपासणी करून सरळ सांगितलं. "डाव्या बाजूची झडप जाड झाली आहे. नीट उघडत नाही, नीट मिटतही नाही. बदलावी लागेल. योजनेत बसतं, पैशाची चिंता करू नका. पुण्याची एकोणीस फेब्रुवारी मिळते आहे."

"बदलायची म्हंजी कशाची बसवायची?"

दोन जाती होत्या. एक धातूची, जन्मभर टिकणारी. पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, रक्ताची तपासणी जन्मभर, आणि उद्या लग्न होऊन दिवस राहिले तर आईला आणि बाळाला दोघांनाही धोका. दुसरी जनावराच्या हृदयाच्या पिशवीपासून केलेली. तिला कायमची गोळी नको, पण कोवळ्या वयात ती दहाबारा वर्षांत झिजते आणि छाती पुन्हा उघडावी लागते. सावळाराम दोन्ही ऐकून घरी आला. फुलाबाईला, म्हणजे बायकोला, त्यानं नीट सांगितलंसुद्धा नाही. आयुष्यभर लोकांना चांगली जात निवडून देणाऱ्या माणसाला पोरीसाठी दोन्ही जाती हलक्या वाटत होत्या.

त्याच आठवड्यात बारामतीला शेतीचं प्रदर्शन होतं. सावळाराम दरवर्षी जातो तसा गेला. तिथला एक रिवाज त्याला पाठ होता. यंदा ज्या वाणाचा प्लॉट उभा दिसतो, तो पुढच्या हंगामाला बाजारात येतो. दिसलं ते मिळणारच, फक्त आधी नाव नोंदवायला हवं. अशीच त्यानं रानवांग्यावरच्या कलमाची कला गाठली होती.

एका कोपऱ्यात विज्ञानाच्या पोरापोरींचे स्टॉल होते. तिथं काचेच्या पेटीत एक मशीन सुईतून गुलाबी जेलीसारखं काहीतरी सोडत होतं, थरावर थर. त्यातून अंगठीएवढं कडं उठत होतं आणि आत तीन पातळ पाकळ्या. वरच्या फलकावर मराठीत लिहिलं होतं, 'छापलेली हृदयाची झडप'. सावळारामचे पाय तिथंच रोवले गेले.

स्टॉलवरच्या मुलीचं नाव पूर्वी. वालचंदनगरच्या कंपनी कॉलनीत वाढलेली, आता पुण्याच्या एका प्रयोगशाळेत काम करणारी. तिनं हौसेनं समजावलं. हे नुसतं जेल आहे. प्रयोगशाळेत त्यात जिवंत पेशी कालवतात.

"कुनाच्या पेशी?"

"ज्याला बसवायची त्याच्याच. म्हणजे शरीर परकं समजत नाही."

"मंग मुरती आत?"

"मुरावी, वाढावी अशी आशा आहे, काका. श्रीमंत देशांत हा झडपेचा रोग आता फारसा उरलेला नाही, त्यामुळे आपल्यासाठी घाई करणारं तिकडे कुणी नाही. मुलं आपली आजारी पडतात, तर झडप आपणच करायला हवी ना? सहा महिन्यांत पुढची पायरी."

सावळारामनं ऐकलं बरोबर, समजून घेतलं ते आपल्या धंद्याच्या हिशेबानं. प्लॉट दिसला, पुढची पायरी सहा महिन्यांत. जुलै. टेबलावर वही होती, त्यात रकाने आखलेले. नाव, गाव, फोन, आणि शेवटचा 'अभिप्राय'. त्यानं चष्मा लावला आणि एकशे चौदाव्या ओळीत स्वच्छ अक्षरात लिहिलं. 'सावळाराम रूपनवर, लासुर्णे'. पुढं फोन. आणि शेवटच्या रकान्यात, 'झडप, एक. मुलगी वय २०. लवकर.'

पूर्वी तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी सुई दाखवत होती. तिनं मान डोलावली, माहितीचा कागद हातात दिला. तिनं सही केली नाही हे सावळारामच्या ध्यानात आलं होतं, पण शिकलेल्या लोकांची पद्धत वेगळी असेल म्हणून तो गप्प बसला. कागद घडी करून त्यानं बनियनच्या आतल्या खिशात ठेवला.

त्यानंतर त्यानं जे केलं ते आयुष्यात कधी केलं नव्हतं. पुण्याला फोन लावून फेब्रुवारीची तारीख त्यानं स्वतःच्या तोंडानं सोडली, आणि घरी येऊन सांगितलं, "दवाखान्यानं तारीख फुडं ढकलली."

फुलाबाई म्हणाली, "आसं कसं? पोर दमती हाय."

"मोटा दवाखाना हाय तो. लई लंबर असत्यात."

प्रगतीनं विश्वास ठेवला. आबा तारखेच्या बाबतीत खोटं बोलतील हे तिच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं, आणि सावळारामला हे पक्कं माहीत होतं. एकोणीस फेब्रुवारीला तो दिवसभर दाराशी उभा राहून ट्रे मोजत होता आणि चोरून पोरीकडे बघत होता. ती त्या दिवशी बरी हसलीबिसली. त्याला वाटलं, निभलं.

एप्रिलची दुसरी तारीख आली. तीही त्यानं सोडली. या खेपेला सांगितलं, मोठे डॉक्टर परदेशी गेलेत. डॉक्टर रमाकांतांचा फोन आला तेव्हा तो कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, पोत्यांमागं जाऊन बोलला.

"रूपनवर, तुम्ही काय करताय? ही झडप वाट बघत बसणारी नाही."

"दोन-तीन म्हैन्यांचा सवाल हाय सायेब. मी सोय लावली हाय."

"कसली सोय?"

सावळारामनं ते सांगितलं नाही. डॉक्टर हसतील अशी त्याला भीती होती.

तुम्ही म्हणाल, मग त्या मुलीला एक फोन का केला नाही? कागदावर नंबर छापलेला होता. पण तारखेआधी सतरांदा फोन करणारं गिऱ्हाईक सावळारामच्या डोक्यात जायचं. नाव लिहिलंय ना, मग भरवसा ठेवा, असं तो फटकारायचा. स्वतः तसलं गिऱ्हाईक व्हायची त्याला लाज वाटली. तो रोज कागदाची घडी चाचपून बघायचा आणि परत खिशात ठेवायचा.

इकडे पोरगी डोळ्यांदेखत खाली चालली. मार्चात ती दोन उशा घेऊन झोपायची, एप्रिलअखेर भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायला लागली. पावलं सुजली. आवाज बसला. वालचंदनगरची एसटी पकडायला जमेना म्हणून कॉलेज सुटलं. फुलाबाई सारखी म्हणायची, अहो पुण्याला फोन करा. तो म्हणायचा, केलाय. त्याचं जेवण तुटलं होतं, पण मनात एकच घोकंपट्टी. जुलै. फक्त जुलैपर्यंत.

मेच्या नऊ तारखेला सकाळी अकराला गोतंडीचा लखन आपली पिकअप घेऊन टोमॅटोच्या कलमी रोपांना आला. त्याची तारीख होती. सावळाराम आणि दोन बाया ट्रे भरत होते. प्रगती आत स्टुलावर बसून कलमं करत होती. नको म्हटलं तरी ऐकायची नाही. क्लिपांचा डबा खाली पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ फुलाबाईची किंकाळी.

प्रगती गुडघ्यांवर हात रोवून पुढं वाकली होती. श्वास आत जात नव्हता, नुसता घशात घुरघुरत होता. ओठ जांभळे पडले होते. ती खोकली आणि तळहातावर गुलाबी फेस आला. कोकोपीटवर पांढऱ्या क्लिपा विखुरल्या होत्या, त्या तुडवत सावळाराम धावला.

लखननं कुणाला विचारलं नाही. भरलेले ट्रे त्यानं भराभरा मातीत उतरवून ठेवले. "ऱ्हाऊ द्या आबा रोपं. ताईला घ्या फुडं."

बावीस वर्षांत पहिली तारीख चुकली ती अशी.

पिकअपच्या पुढच्या सीटवर खिडकीशी प्रगती, मधे सावळाराम तिला ताठ धरून, मागं हौद्यात फुलाबाई. आडवी झाली की पोर गुदमरायची. लखन हॉर्नवरचा हात काढत नव्हता. सणसर मागं पडलं आणि सावळारामनं बनियनच्या खिशातून कागद काढला. घामानं घडीवरची अक्षरं पुसट झाली होती, आकडे शाबूत होते. त्यानं फोन लावला.

"म्याडम, मी सावळाराम रूपनवर, लासुर्णं. माजं नाव लिवल्यालं हाय तुमच्याकडं. एकशे चौदा लंबर. झडप."

"कोण? कसली झडप, काका?"

"ती छापायची. जुलै झाला न्हाय ठाव हाय मला. पर आज लागतीय. पोरीला श्वास घेता यीना. आसंल तशी द्या, मी पुन्याला येतो न्यायला."

पिकअपच्या आवाजात त्याला वाटलं फोन तुटला. मग पूर्वी अगदी हळू बोलली. "काका, तुम्ही आत्ता कुठे आहात? मुलीला आधी हॉस्पिटलमध्ये न्या. दुसरं काहीही करू नका. मी सुट्टीवर घरीच आहे, वालचंदनगरला. मी येते."

त्यानं बारामतीच्या डॉक्टर रमाकांतांचं नाव सांगितलं आणि फोन खाली ठेवला. प्रगतीनं मान त्याच्याकडे वळवली होती. बोलायला तिच्याजवळ हवा नव्हती. पण तिनं सगळं ऐकलं होतं, आणि ती बापाकडे अशी बघत होती की त्यानं समोरच्या काचेकडे तोंड फिरवलं.

दवाखान्यात डॉक्टर रमाकांतांनी ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. दोन तास ते पोरीजवळून हलले नाहीत. तोवर सावळाराम आणि फुलाबाई पडद्याच्या कडेला उभे. दर वेळी आतल्या यंत्राचा सूर बदलला की फुलाबाई त्याचं मनगट आवळायची. शेवटी फुफ्फुसातलं पाणी उतरायला लागलं, ओठांचा रंग परतला. डॉक्टर घाम पुसत त्याच्यासमोर आले आणि पोरगी ऐकतेय याचं भान न ठेवता म्हणाले, "फेब्रुवारीत तारीख मिळाली होती. एप्रिलमध्ये मिळाली होती. दोन्ही वेळा तुम्ही नको म्हणालात. आता दोन-तीन दिवसांत ऑपरेशन झालं तर झालं. आजच पुण्याला हलवायचंय."

फुलाबाईनं आधी डॉक्टरकडं, मग नवऱ्याकडं पाहिलं. "तुमी नगं म्हनला?"

फुलाबाईनं त्याचं मनगट सोडलं आणि ती पोरीच्या खाटेच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

पूर्वी आली तेव्हा तिच्या ओढणीला रस्त्याची धूळ होती. सावळारामनं तिला ओळखलं आणि बाकावरून उठला, जणू ती पिशवीतून झडप काढून देणार होती. तिनं त्याला खाली बसवलं आणि स्वतः शेजारी बसली.

"काका, ती झडप अजून माणसासाठी नाहीच. आमची सगळ्यात चांगली झडप पाण्याच्या पंपावर अकरा दिवस चालली, मग फाटली. पुढची पायरी मी म्हणाले होते ती मेंढीला बसवून बघण्याची. तीही अजून झालेली नाही. माणसापर्यंत यायला किती वर्षं लागतील ते मला खरंच माहीत नाही."

"मंग नाव कशाला लिवून घ्येतलं?"

पूर्वीनं खाली पाहिलं. "किती लोक बघून गेले ते वर दाखवावं लागतं. ओळी मोजायच्या असतात. मी ओळी मोजल्या, काका. वाचल्या नाहीत." तिनं फोनवर वहीच्या पानाचा फोटो काढून ठेवलेला होता, तो त्याच्यापुढं धरला. 'छान उपक्रम.' 'अभिनंदन.' 'तरुणांना शुभेच्छा.' आणि मधेच त्याचं अक्षर. 'लवकर' या शब्दाखाली त्यानं रेघ ओढली होती, हे तोच विसरला होता.

सावळाराम बाकावरच्या सगळ्या माणसांसमोर तोंडावर हात घेऊन रडला. त्याला तिचा राग आला नाही. तिनं फक्त वाचलं नव्हतं. तारखा त्यानं सोडल्या होत्या.

रुग्णवाहिका दाराशी लागेपर्यंत डॉक्टरांनी त्याला आत पोरीजवळ थांबायला सांगितलं. प्रगती ताठ बसलेली, नाकावर ऑक्सिजनची नळी.

"पोरी, माजं चुकलं," तो म्हणाला. "मला वाटलं, चांगल्यातली चांगली बसवावी. तुला उद्या बाळ..."

"आबा," ती थांबत थांबत बोलली, "कलम करताना... तुम्ही गिऱ्हाइकाला विचारता... खुंट कोणता पाहिजे म्हणून. मला विचारायचं तरी."

मग ती डॉक्टरांकडे वळली आणि तिनं दोन्ही जाती समजून घेतल्या. तिनं जनावराची झडप मागितली. दहाबारा वर्षांनी छाती पुन्हा उघडावी लागेल हे ठाऊक असूनही. "तोवर माझं मला बघता येईल," एवढंच म्हणाली.

चौथ्या दिवशी पुण्यात ऑपरेशन झालं. आत नेण्याआधी पूर्वीनं प्रगतीला विचारलं होतं, की काढलेली झडप टाकून देण्याऐवजी आमच्या प्रयोगशाळेला देशील का. नियमाचे कागद दोन्हीकडून पुरे केले होते. सही प्रगतीनं स्वतः केली. सावळाराम सात तास जिन्याच्या पायरीवर बसून होता. कुणी चहा दिला तर कप हातातच गार व्हायचा. दार उघडून डॉक्टर "झालं" म्हणाले तेव्हा त्याला उठताच आलं नाही. फुलाबाईनं त्याला हाताला धरून उठवलं. त्या चार दिवसांत तिनं त्याला लावलेला तो पहिला हात.

ऑगस्टात पूर्वी लासुर्ण्याला आली. प्रगती शेडनेटमध्ये स्टुलावर होती, छातीवर गळ्यापासून खाली गेलेला व्रण, खोकला आला की उशी छातीशी धरायची सवय अजून गेलेली नाही. काप करायला तिला परवानगी नव्हती, ती दोन नव्या बायांना शिकवत होती आणि त्यांच्यावर ओरडत होती. तिच्या ओरडण्यात दम होता. सावळाराम ते ऐकत लांबूनच ट्रे धूत होता.

पूर्वीनं फोनवर एक चित्र दाखवलं. निळसर पार्श्वभूमीवर लांबट, टोकदार ठिपके, एकमेकांना चिकटलेले. "तुझ्या झडपेतल्या पेशी. जगल्या, वाढतायत."

प्रगतीनं फोन डोळ्यांजवळ धरला. "आजारी झडपेतल्या असून?"

"असूनही."

सावळाराम हात पुसत आला. त्यानं चित्र पाहिलं. तो दाराशी गेला, सुतळी सोडून वही घेऊन आला आणि पूर्वीपुढं धरली. कोऱ्या ओळीत त्यानं आधीच लिहून ठेवलं होतं. रोपाच्या रकान्यात 'झडप', नगाच्या रकान्यात 'एक'. "तुमच्या वहीत सही न्हवती म्याडम," तो म्हणाला. "हितं करा."

पूर्वी हसली नाही. तिनं पेन घेतलं, सही केली. मग तिचा हात तारखेच्या रकान्यावर आला आणि थांबला. बापलेक दोघंही त्या पेनाच्या टोकाकडे बघत होते.

"ऱ्हाऊ द्या मोकळं," सावळाराम म्हणाला. "खोटी तारीख टाकू नगा."

गिऱ्हाइकाच्या नावाचा रकानाही रिकामा होता. तो भरायला त्यानं पेनासाठी हात पुढं केला, आणि मधेच मागं घेतला. वही उचलून त्यानं पोरीच्या मांडीवर ठेवली. प्रगतीनं आपलं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं.